सासूबाईंचा अर्धा चमचा आणि चिठ्ठीवरचे १.२ मिली

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका आईचा आहे. मुलगी अकरा महिन्यांची, वजन ८ किलो. ताप आला तेव्हा डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे थेंब लिहून दिले होते: १.२ मिली, गरज पडली तर सहा तासांनी पुन्हा. रात्री दोन वाजता थेंबांची बाटली रिकामी निघाली. घरात थोरल्याचं तापाचं सिरप होतं, त्यावर लिहिलेलं ‘५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम’. नवरा म्हणाला, चिठ्ठीवर १.२ आहे तर १.२ दे. सासूबाई म्हणाल्या, अर्धा चमचा घाल, आमची पोरं त्यावरच वाढली. बाईंनी काहीच दिलं नाही. ओल्या पंचाने अंग पुसत, दूध पाजत सकाळ केली, आणि आता विचारतायत की दोघांत बरोबर कोण होतं. शिवाय दोन पोटप्रश्न आहेत. मुलगी औषध थुंकते, त्यावर काय करायचं? आणि फ्रीजमध्ये लेबल पुसलेली अँटिबायोटिकची अर्धी बाटली पडून आहे, ती चालेल का?

मी डिचोलीच्या बाजारात औषधांच्या काउंटरवर २६ वर्षं उभी आहे. माझं उत्तर: त्या रात्री सासूबाई बरोबर होत्या. पण त्यांचं बरोबर येणं हा बराचसा योगायोग होता, आणि तुमच्या यजमानांची चूक दिसायला साधी असली तरी तीच मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. तुम्ही कळेपर्यंत काही दिलं नाहीत, हे उत्तम केलंत. पोर दूध पीत असेल, हाक मारल्यावर बघत असेल, तर तापाचा एक डोस चुकल्याने तिचं काही बिघडत नाही.

आता हिशेब. डॉक्टर चिठ्ठीवर मिली लिहितात, पण मनात मिलिग्रॅम धरून. मिलिग्रॅम म्हणजे खरं औषध, आणि मिली म्हणजे ते ज्या गोड पाण्यात मिसळलंय त्या पाण्याचं माप. पॅरासिटामॉल मुलांना वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. ८ किलोच्या मुलीला १५ च्या हिशेबाने १२० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणून १.२ मिली. तुमच्या थोरल्याच्या सिरपात ५ मिलीत २५०, म्हणजे एका मिलीत ५०. त्यातून १२० मिळवायला २.४ मिली लागतात. तिसरं एक सिरप मिळतं, ५ मिलीत १२० वालं. त्याचे पूर्ण ५ मिली द्यावे लागतात. तीन बाटल्या, तीन मापं, पोटात जाणारं औषध तेवढंच.

सासूबाईंचा अर्धा चमचा म्हणजे, चमचा खरोखर ५ मिलीचा असेल तर, २.५ मिली. त्यातून गेले असते १२५ मिलिग्रॅम. जवळजवळ नेमके. यजमानांच्या १.२ मिलीतून गेले असते ६०, अर्धाच डोस. ताप उतरला नसता आणि पहाटे कोणीतरी म्हणालं असतं, ‘औषध लागू पडत नाही, अजून दे.’

ही चूक कमी डोसाच्या बाजूला पडली म्हणून निभावली असती. उलटी पडली तर काय होतं बघा. चिठ्ठीवर १२० वाल्या सिरपाचे ५ मिली लिहिलेत आणि हातात थेंबांची बाटली आली. ‘औषध तेच आहे ना?’ म्हणून ५ मिली दिले, तर पोटात गेले ५०० मिलिग्रॅम. ८ किलोच्या बाळाला अख्ख्या दिवसात मिळून किलोमागे ६० च्या हिशेबाने ४८० च्या वर जाऊ द्यायचं नसतं. दिवसभराचा कोटा एका घोटात संपला. थेंबांची बाटली छोटी, रंगीत, अगदी बाळाची वाटणारी असते, म्हणून लोकांना ती सौम्य वाटते. असते उलट. तान्ह्या पोराला फार पाणी पाजवत नाही, म्हणून थोड्याशा द्रवात औषध दाट भरलेलं असतं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. काउंटरवर माझं दुसरं की तिसरं वर्ष होतं. खाणीवर ट्रक चालवणारा एक बाप आला, चिठ्ठीवर एक चमचा सिरप लिहिलेलं. ते सिरप संपलं होतं. मी थेंबांची बाटली दिली, ‘हेच औषध हो, फक्त कंपनी वेगळी’ असं म्हणून. तो पायऱ्या उतरून गेला. पैसे गल्ल्यात टाकताना रिकामा खोका माझ्या हातात होता, आणि त्यावरचं ‘प्रत्येक मिलीत’ हे मी तेव्हा वाचलं. दुकान तसंच टाकून बसस्टँडवर पळाले. वाळपईची बस सुटायची होती म्हणून तो सापडला. नसता सापडला तर? त्या दिवसापासून बाटली देताना मी गिऱ्हाइकाला एका मिलीत किती, ते बोटाने दाखवते. काहींना कंटाळा येतो. येऊ दे.

आज्यांना समजवायला मात्र मला मिलिग्रॅम लागत नाहीत. मी बाळगुटी काढते. सहाणेवर खारकेचे किती वेढे देता? चार-पाच. आणि वेखंडाचे? ‘एकच गो, तोही हलका, वेखंड उग्र!’ बरोबर. मग वेढा सारखा असला तरी आतलं औषध सारखं नसतं, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. मिली हा वेढा आहे, आणि बाटलीत खारीक आहे की वेखंड ते लेबल सांगतं. या एका वाक्यावर आजपर्यंत एकही आजी अडलेली नाही. अडतात ते शिकलेले बाप. (गुटीचा विषय निघालाच आहे तर: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नाही. त्यातून क्वचित का होईना, बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होतो.)

आता चमचा. गोव्यात ‘कुलेर’ म्हटलं की चहाच्या चमच्यापासून आमटीच्या चमच्यापर्यंत काहीही हातात येतं. एकदा दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा मी घरातले चमचे आणून सिरिंजने पाणी भरून मोजले. चहाच्या साखरेच्या चमच्यात साडेतीन मिली मावलं. पोहे खायच्या चमच्यात जवळजवळ आठ. लग्नात आलेल्या जड स्टीलच्या सेटातल्या ‘लहान’ चमच्यात सहाच्या वर. आणि हे काठोकाठ भरून. रडणाऱ्या पोरापर्यंत नेताना काठोकाठ भरलेला चमचा काठोकाठ राहत नाही, म्हणून आई वरून थोडं अजून घालते. घरातला चमचा हे माप नव्हे. चिठ्ठीवर ‘एक चमचा’ लिहिलं असेल तर अर्थ ५ मिली, ‘अर्धा चमचा’ म्हणजे २.५ मिली, आणि ते मिलीच्या खुणा असलेल्या साधनानेच मोजायचे.

बाटलीवर येणारं प्लॅस्टिकचं मापाचं टोपण मोठ्या मुलांना ठीक आहे, ५ मिली आणि वर. ते ओट्यावर ठेवून, खाली वाकून, डोळ्याच्या पातळीला आणून बघा. हातात धरून वरून पाहिलं की माप चुकतं. कडेला औषध चढलेलं असतं तिथे नाही, मधल्या खोलगट भागाशी रेघ जुळवायची. पण २.४ मिलीसाठी टोपण निरुपयोगी. त्यावर २.५ ची रेघ असली तरी थोडं औषध टोपणालाच चिकटून राहतं.

तान्ह्या मुलांना सिरिंजच. आपल्याकडे तोंडाने औषध द्यायच्या वेगळ्या सिरिंज फार कमी दुकानांत मिळतात, म्हणून बहुतेक घरांत इंजेक्शनचीच वापरतात. तीही चालते, पण सुई दुकानातच काढून टाका. आमच्याकडे त्यासाठी डबा असतो. सुईवरचं प्लॅस्टिकचं टोपणही तिथेच टाका. ते विसरून तसंच राहिलं आणि औषधासोबत पोराच्या घशात गेलं, असे अपघात झालेले आहेत. दोन मिलीच्या आतला डोस असेल तर २ मिलीची सिरिंज घ्या, त्याच्या वर ५ मिलीची. मोठ्या सिरिंजमध्ये लहान डोस मोजणं म्हणजे भाताच्या मापट्याने केशर मोजणं. आणि घरात आजोबांची इन्सुलिनची सिरिंज असेल तर तिला हात लावू नका. तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ मिली. ‘१२ पर्यंत भर’ म्हटलं आणि १.२ समजून कोणी तिच्यात भरलं तर पोराला जेमतेम पाव डोस मिळेल.

भरायची रीत. बाटली आधी जोरात हलवा, दहा-पंधरा वेळा. तापाची आणि अँटिबायोटिकची बरीच औषधं पाण्यात विरघळलेली नसतात, नुसती तरंगत असतात. रात्रभर ठेवलेल्या बाटलीत ती तळाला बसतात. न हलवता दिलंत तर आठवडाभर वरचं गोड पाणी जातं आणि शेवटच्या दोन दिवसांत तळाचा गाळ. हलवून झालं की थोडं औषध स्वच्छ टोपणात ओता आणि तिथून सिरिंजमध्ये ओढा, मापापेक्षा जरा जास्तच. मग सिरिंज तोंड वर करून धरा, टिचकी मारा, बुडबुडा वर आला की दट्ट्या हळू ढकलत काळ्या रबराची वरची कड, म्हणजे तोंडाकडची रुंद कड, रेघेवर आणा. रबराला दोन कडा असतात आणि खालची बघणारे लोक मी रोज पाहते. टोपणात उरलेलं पुन्हा बाटलीत ओतू नका.

थेंबांच्या बाटलीचा ड्रॉपर त्या बाटलीचाच. ताप, सर्दी, व्हिटॅमिन डी असे तीन ड्रॉपर घरात असले की धुऊन एका पेल्यात उभे करतात आणि मग कुठला कोणाचा ते देव जाणे. धुवा आणि लगेच त्याच बाटलीच्या खोक्यात ठेवा. व्हिटॅमिन डीवरून आठवलं: बाळाला रोज लागतात ४०० युनिट. थेंबांच्या काही बाटल्यांत एका मिलीत ४००, काहींत ८००. आणि मोठ्या माणसांसाठी ५ मिलीची एक छोटी गोंडस बाटली येते, तिच्यात ६०,००० असतात. त्या दोन्ही एकाच कप्प्यात ठेवू नका.

थुंकण्याविषयी. आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे पोराला मांडीवर पालथ्या-उताण्या कसरतीत आडवं धरायचं, नाक दाबायचं आणि तोंड उघडलं की बोंडल्याने घशात ओतायचं. गुटी तशी दिली, आम्ही सगळे तसेच वाढलो. तरी नका करू. आडव्या पोराचं नाक दाबलं की ते श्वास घ्यायला तोंड उघडतं, आणि त्याच श्वासाबरोबर औषध श्वासनळीत जातं. तिला तुमच्या डाव्या कोपरावर डोकं टेकवून अर्धवट बसती घ्या. तिचा एक हात तुमच्या पाठीमागे जाऊ दे, दुसरा तुमच्या हातात. सिरिंजचं तोंड गाल आणि हिरडी यांच्या मध्ये, मागच्या बाजूला. सरळ घशाकडे नाही. अर्धा मिली सोडा, थांबा, गिळल्याचं दिसलं की पुढचा. २.४ मिलीला पाच हप्ते लागतात, दीड मिनिट जातं. रडायला लागली तर थांबा, रडत्या तोंडात सोडू नका. शेवटी दूध किंवा चमचाभर पाणी.

तरी ओठाबाहेर येतंच. ओघळ आला तर तो मोजायचा प्रयत्न करू नका आणि अंदाजाने ‘वरून थोडं’ देऊ नका. तापाच्या औषधाचा सगळा डोस समोर कपड्यावर पडलेला दिसला, म्हणजे पोटात गेलाच नाही, तर एकदा पुन्हा द्यायला हरकत नाही. गिळल्यावर उलटी झाली तर वेळ बघा. दहा-पंधरा मिनिटांच्या आत झाली आणि उलटीत औषध दिसलं, तर डॉक्टरांना फोन करून बहुधा पुन्हा देता येतं. अर्ध्या तासानंतरची उलटी असेल तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेची वाट बघा. फिट्सच्या किंवा हृदयाच्या औषधांना हा नियम लावू नका, तिथे दर वेळी विचारायचं.

दुधाच्या बाटलीत औषध घालणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे आणि फसणारा. पोर अर्धी बाटली पिऊन झोपतं. किती औषध गेलं? सांगता येत नाही. कडू औषध असेल तर चमचाभर पेजेत किंवा कुस्करलेल्या केळ्यात मिसळता येईल का, ते त्या औषधापुरतं आम्हाला विचारा. काहींना चालतं, काहींना नाही. थोरल्यांना ‘हे सरबत आहे’ सांगून औषध देऊ नका. सरबत आहे म्हटलं की ते स्टूल ओढून कपाटापर्यंत जातात.

आता मापाहून मोठी भानगड. एकत्र घरात औषध एकच माणूस देत नाही. आई फोंड्याला कामावर, दिवसभर पोर आजीकडे, संध्याकाळी बाप आला की त्याला अंग गरम लागतं. आजीने चार वाजता दिलेलं त्याला माहीत नाही, तो सहाला देतो, आई आठला. कोणाचंच माप चुकलेलं नाही आणि पोराला चार तासांत तीन डोस. फ्रीजच्या दारावर कागद लावा: दिलं किती, किती वाजता, कोणी. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार तास हवेत, डॉक्टरांनी सहा सांगितले असतील तर सहाच, आणि चोवीस तासांत चाराहून जास्त डोस नकोत.

त्या कागदावर आकडे जपून लिहा. आजी मराठी शाळेची, सून इंग्रजी माध्यमाची. आपला ४ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. हसू नका, ‘४ मिली’चे आठ मोजलेली माउली माझ्यासमोर उभी राहिली आहे. अक्षरात लिहा: चार मिली. एकाच्या आतला डोस असेल तर आधी शून्य लिहा. नुसता टिंब आणि पाच लिहिलं की टिंब पुसट होऊन पाच उरतात, दहापट. डॉक्टरांच्या चिठ्ठीत असं टिंब दिसलं की मी फोन करते. बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत.

आणखी एक आड वाट: सर्दीचं म्हणून आणलेल्या सिरपातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं की ते दोनदा जातं. खोक्यावरचं नाव नको, खालची बारीक अक्षरं वाचा. तसं बघता सर्दी-खोकल्याचं सिरप एवढ्या लहान मुलांना द्यायचंच नाही. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्यांना नको, असं लेबलवर छापायला लावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपाने मुलं दगावली, त्यानंतर ऑक्टोबरात सल्ला निघाला: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाचाखालीही सर्वसाधारणपणे नकोत. तरी लोक ‘कफाचं काहीतरी द्या’ म्हणून येतातच. मी नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब देते. अर्धे जण तोंड वाकडं करून जातात.

पावसाळ्यात आणि चवथीच्या आसपास आपल्याकडे ताप आला की डेंग्यूची शंका घ्यावी लागते. ती शंका फिटेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेलं तापाचं सिरप आपल्या मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. थोरल्याची उरलेली बाटली बहुधा त्यातलीच निघते, कारण ‘त्याने ताप झटकन उतरला होता’. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध मोजत बसूच नका, थेट डॉक्टर.

अँटिबायोटिकची पावडर. बाटलीत तळाला पावडर असते, आणि काचेवर किंवा लेबलवर बाण किंवा रेघ असते. काही खोक्यांत पाणीही येतं. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं घ्या, कोमट नाही. पहिल्यांदा बाटली उलटी करून तळहातावर हलकेच आपटा, पावडर मोकळी होऊ दे. मग अर्धं पाणी, हलवा, फेस बसू दे, आणि नंतर रेघेपर्यंत. एकदम रेघेपर्यंत ओतून मग हलवलं की पातळी खाली जाते, ती पुन्हा रेघेवर आणायची असते. लोक दोन टोकांना चुकतात: काही तेवढ्यावर सोडतात आणि औषध दाट राहतं, काही बाटली गळ्यापर्यंत भरतात आणि ते पातळ होतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट असेल तर फ्रीजमध्ये, आणि कालवल्यापासून सात दिवसांत संपवायचं. कालवल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. आठवडाभराचा कोर्स एका ३० मिलीच्या बाटलीत बसत नाही, दोन-तीन लागतात. सगळ्या एकदम कालवू नका. आणि दुसरी बाटली म्हापशाच्या दुकानातून घेतलीत तर आकडा जुळवा. हेच औषध ५ मिलीत २२८.५ चं येतं आणि ४५७ चंही. खोका तोच, रंग तोच, ताकद दुप्पट.

जुलाबाच्या पुडीतही हीच गोष्ट. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळून पाजलेलं बाळ मी पाहिलंय. मिठाचं प्रमाण इतकं चढतं की जुलाबापेक्षा तेच जास्त धोक्याचं. पाण्याची बाटली लिटरची आहे का ते तिच्यावर वाचून मगच पुडी फोडा.

आणि एवढं करूनही जास्त गेलं तर? उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली, चिठ्ठी आणि वापरलेलं माप, तिन्ही पिशवीत घाला आणि इस्पितळ गाठा. १०८ ला फोन करा, जवळचं आरोग्य केंद्र, म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जिथे आधी पोचाल तिथे. ‘खेळतेय की, काही झालं नाही’ म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिला दिवस पोर चांगलं दिसतं. यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो.

राहिली तुमची फ्रीजमधली बाटली. कालवल्याला सात दिवस केव्हाच होऊन गेले असणार, आणि लेबल पुसलंय म्हणजे एका मिलीत किती ते कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. मोरीत ओतू नका, बुचासकट पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाका. पुढच्या खेपेला नवी बाटली आणलीत की लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी फिरवून घ्या, फ्रीजमधल्या दमटपणाने ते पुसलं जाणार नाही.